बाईकची चेन घरी कशी तपासायची आणि कशी बदलायची? चिखलात आणि चाकणच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी सोपी माहिती

पावसाळ्याचे दिवस. पुणे-नाशिक महामार्गावर शिफ्ट सुटायची वेळ. ट्रक, कंपनीच्या बस आणि टँकरच्या गर्दीतून वाट काढत असताना एखाद्या बाईकच्या मागच्या चाकातून 'खट्' असा आवाज येतो आणि अ‍ॅक्सिलरेटर पिळला तरी गाडी पुढे जात नाही. चेन उतरलेली किंवा तुटलेली असते. नशीब बरं असेल तर गाडी ढकलत कडेला घेता येते. नशीब खराब असेल तर तुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटभोवती गुंडाळली जाते, मागचं चाक जागच्या जागी जाम होतं आणि मागे ट्रक असतो.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण, तळेगाव या पट्ट्यात हजारो कामगार रोज बाईकवरून कामाला जातात. रविवारी याच भागातले अनेक जण मावळातल्या कच्च्या वाटांवर डर्ट बाईक किंवा अ‍ॅडव्हेंचर बाईक घेऊन निघतात. दोन्ही प्रकारच्या गाड्यांमध्ये सर्वांत जास्त झिजणारा आणि सर्वांत कमी लक्ष दिला जाणारा भाग एकच, तो म्हणजे चेन.

चेनची देखभाल घरी करता येते. बदलणंही फार अवघड नाही. पण काही गोष्टी चुकल्या तर बोटं जाऊ शकतात. त्यामुळे आधी नीट समजून घेतलेलं बरं.

चेन आली कुठून? आणि जुन्या स्कूटरला ती का नव्हती?

आज बाईकला असते तशी रोलर चेन हॅन्स रेनॉल्ड या स्विस वंशाच्या इंजिनिअरने १८८० मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरमध्ये विकसित केली. पिन, तिच्यावर बुश आणि बुशवर फिरणारा रोलर अशी तिची रचना. सायकलपासून कारखान्यातल्या यंत्रांपर्यंत सगळीकडे ती पसरली. जवळपास दीडशे वर्षांनंतरही मूळ रचना तीच आहे.

पिंपरी-चिंचवडच्या आधीच्या पिढीला मात्र चेनशी फारसं देणंघेणं नव्हतं. आकुर्डीत बनणाऱ्या बजाज स्कूटरचं इंजिन थेट मागच्या चाकाला जोडलेलं असायचं आणि चाक गिअरवर फिरायचं. चेन नव्हतीच, त्यामुळे ती घट्ट करण्याचा प्रश्नही नव्हता. २००१ मध्ये बजाजची पल्सर आली आणि चाकणच्या कारखान्यातून मोटरसायकली मोठ्या संख्येने बाहेर पडू लागल्या. २०१२ मध्ये केटीएमची २०० ड्यूक आली, तीही चाकणमध्येच तयार होणारी. जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली शर्यत शेजारच्या बालेवाडीत झाली. २०२५ मध्ये केटीएमने ३९० एंड्युरो आर ही मातीत चालवण्यासाठीची गाडी भारतात आणली.

म्हणजे गाड्या बदलल्या, रस्ते सोडून वाटांवर गेल्या. चेनकडे बघण्याची सवय मात्र अनेकांना अजून लागलेली नाही.

चेन खरंच 'ताणली' जाते का?

'चेन ताणली गेली' असं आपण म्हणतो. पण लोखंडी पट्ट्या रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन आणि तिच्याभोवती एक बुश असतं. चेन स्प्रॉकेटवर वळते तेव्हा हे दोन भाग एकमेकांवर घासतात. मध्ये ऑइल नसेल किंवा धूळ गेली असेल तर ते झिजतात आणि सांध्यात पोकळी तयार होते.

हिशोब सोपा आहे. १२० कड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक सांधा फक्त ०.१ मिलिमीटर झिजला, तर पूर्ण चेन १२ मिलिमीटरने लांब होते. एका सांध्याची झीज डोळ्यांना दिसतही नाही, पण १२ मिलिमीटरमध्ये चेन लोंबकळायला लागते.

म्हणून चेन घट्ट केली म्हणजे ती दुरुस्त झाली, असं नाही. घट्ट केल्याने फक्त लोंबकळणं थांबतं. आतली झीज तशीच राहते आणि लांब झालेल्या कड्या स्प्रॉकेटच्या दात्यांवर नीट बसत नाहीत. मग दातेही झिजायला लागतात.

चेनवरच्या आकड्यांचा अर्थ काय?

चेनच्या पट्टीवर ४२८, ५२० असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा दोन पिनांमधलं अंतर सांगतो, तेही इंचाच्या आठव्या भागात. पुढचे दोन आकडे आतल्या रुंदीचे असतात.

- ४२८ : दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. पल्सर १५० सारख्या रोजच्या वापराच्या गाड्यांना ही चेन असते.
- ५२० : अंतर ५/८ इंच, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर. केटीएम ३९० सारख्या जास्त ताकदीच्या गाड्यांना आणि अनेक डर्ट बाईकना ही चेन लागते.

दुसरा फरक सीलचा. साध्या चेनमध्ये पिन आणि बुशच्या मध्ये बाहेरून ऑइल द्यावं लागतं. ओ-रिंग किंवा एक्स-रिंग चेनमध्ये कारखान्यातच आत ग्रीस भरलेलं असतं आणि ते बाहेर येऊ नये म्हणून प्रत्येक सांध्यावर छोटी रबरी रिंग असते. अशी चेन जास्त टिकते, पण ही रबरी रिंग खराब झाली की आतलं ग्रीस निघून जातं आणि ते पुन्हा भरता येत नाही. त्यामुळे ओ-रिंग चेनला पेट्रोल आणि लोखंडी ब्रश कधीच लावू नये.

चेन बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

यासाठी मेकॅनिककडे जायची गरज नाही. तीन तपासण्या घरी होतात.

१. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन ओढून पाहा. स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी मागे ओढा. दाता अर्ध्यापेक्षा जास्त उघडा पडत असेल तर चेन झिजली आहे.

२. टेपने मोजा. चेन ताणून धरा आणि २० कड्यांचं अंतर मोजा, म्हणजे पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत. नव्या ४२८ चेनमध्ये हे अंतर २५४ मिलिमीटर भरतं, नव्या ५२० मध्ये ३१७.५ मिलिमीटर. हे अंतर साधारण १ टक्क्याने वाढलं, म्हणजे ४२८ मध्ये २५६.५ आणि ५२० मध्ये ३२०.७ च्या आसपास गेलं, की नव्या चेनची तयारी करावी. काही कंपन्या याहून कमी मर्यादा देतात, काही थोडी जास्त. गाडीच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तोच अंतिम मानावा.

३. दाते बघा. नव्या स्प्रॉकेटचे दाते दोन्ही बाजूंनी सारखे असतात. झिजलेले दाते एका बाजूला वाकतात, टोकदार होतात आणि मांजराच्या नखासारखे दिसतात. पुढचं स्प्रॉकेट लवकर झिजतं. पुढे १४ आणि मागे ४२ दाते असतील, तर मागचं चाक एकदा फिरताना पुढचं स्प्रॉकेट तीनदा फिरतं. म्हणजे पुढच्या प्रत्येक दात्याला तिप्पट काम.

याशिवाय चेनच्या काही कड्या वळतच नसतील, चाक फिरवताना चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल लागत असेल, किंवा अ‍ॅडजस्टर शेवटच्या खुणेपर्यंत गेला असेल, तर ती चेन काढलेली बरी.

चेन जास्त घट्ट का नसावी?

'चेन टाईट करून द्या' ही गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येणारी मागणी. पण जास्त घट्ट चेन ही सैल चेनपेक्षाही जास्त नुकसान करते.

पुढचं स्प्रॉकेट, स्विंग आर्मचा सांधा आणि मागचं चाक हे तीन बिंदू एका रेषेत नसतात. खड्ड्यात गाडी आदळते, सस्पेंशन दाबलं जातं आणि स्विंग आर्म वर येतो, तेव्हा हे तीन बिंदू एका रेषेत येतात. त्या क्षणी चेनला सर्वांत जास्त लांबी लागते. आधीपासूनच चेन ताठ असेल तर तिला ती लांबी मिळत नाही आणि सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. बेअरिंग गेलं तर इंजिन उघडावं लागतं.

रोजच्या बाईकमध्ये खालच्या चेनच्या मध्यभागी साधारण २० ते ३५ मिलिमीटरची वर-खाली हालचाल ठेवतात. डर्ट बाईकमध्ये सस्पेंशन जास्त खाली-वर होतं, म्हणून ही ढिलाईही जास्त लागते. ती ४० ते ५० मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त असू शकते. आपल्या गाडीचा नेमका आकडा आणि मोजण्याची पद्धत पुस्तिकेत किंवा स्विंग आर्मवरच्या स्टिकरवर असते. चाक फिरवून चार-पाच ठिकाणी मोजावं आणि जिथे चेन सर्वांत घट्ट लागते, तिथली ढिलाई प्रमाण धरावी.

साफसफाई आणि ऑइल : किती दिवसांनी, कशाने?

साधारण दर ५०० किलोमीटरला चेन साफ करून ऑइल द्यावं. रोज येऊन-जाऊन ४० किलोमीटर करणाऱ्याच्या आठवड्यातले सहा दिवस धरले तर २४० किलोमीटर होतात. म्हणजे दर दोन आठवड्यांनी एकदा. पावसात भिजल्यावर किंवा चिखलात गाडी घातल्यावर मात्र ५०० किलोमीटरची वाट बघू नये.

पद्धत अशी :

- गाडी मोठ्या स्टँडवर घ्यावी. मोठं स्टँड नसेल तर मागचं चाक उचलणारं पॅडॉक स्टँड वापरावं. विटांवर किंवा दगडावर गाडी टेकवू नये.
- इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, किल्ली खिशात.
- चेन क्लीनर किंवा रॉकेल मऊ ब्रशने लावावं. जुना टूथब्रश चालतो.
- चिंधीने पुसून पूर्ण कोरडं करावं.
- चेनच्या आतल्या बाजूवर, म्हणजे स्प्रॉकेटला टेकणाऱ्या बाजूवर, चेन ल्युब किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल द्यावं. चाक फिरतं तेव्हा ते आपोआप बाहेरच्या बाजूला पसरतं.
- १५-२० मिनिटं थांबून जादा ऑइल पुसावं. रात्री ऑइल देऊन सकाळी गाडी काढली तर आणखी चांगलं.

गाडीतून काढलेलं काळं इंजिन ऑइल चेनला लावायची सवय अनेकांना असते. त्या ऑइलमध्ये धातूचे बारीक कण आणि काजळी असते. शिवाय ते पातळ असल्यामुळे उडून चाकावर आणि कपड्यांवर जातं. फुकट मिळतं एवढाच त्याचा फायदा. गंज सोडवण्यासाठी वापरले जाणारे पातळ स्प्रेही चेनचं ऑइल म्हणून पुरत नाहीत.

बोटं वाचवा : इंजिन सुरू ठेवून चेन कधीही साफ करू नका

गाडी मोठ्या स्टँडवर लावायची, पहिला गिअर टाकायचा, चाक आपोआप फिरू द्यायचं आणि चेनला कापड लावायचं. वेळ वाचतो म्हणून अनेक जण असं करतात. हीच सर्वांत धोकादायक गोष्ट आहे.

कापडाचं टोक चेनमध्ये अडकलं की ते हाताला सोबत घेऊन स्प्रॉकेटपर्यंत जातं. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. इंजिन आयडलिंगला असलं तरी चेन आणि दात्यांच्या मध्ये आलेलं बोट तुटतं. मशीन शॉपमध्ये फिरत्या यंत्राजवळ हातमोजे आणि सैल बाह्या नकोत, हा नियम या पट्ट्यातल्या प्रत्येक कामगाराला पाठ असतो. घरच्या पार्किंगमध्येही तोच नियम लागू आहे.

चाक हाताने फिरवतानाही पुसणारा हात स्प्रॉकेटपासून लांब, खालच्या चेनच्या मध्यभागी ठेवावा. चाक थांबवून थोडा भाग पुसावा, मग पुढे फिरवावं. लहान मुलं जवळ असतील तर काम पुढे ढकलावं.

अपघात झालाच तर जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा आणि हात उंच ठेवा. तुटलेलं बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नका. १०८ ला फोन करून लगेच रुग्णालय गाठा.

नवी चेन घेताना काय बघायचं?

चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावीत. दुकानात 'चेन सेट' मागितला की तिन्ही मिळतात. फक्त चेन बदलली तर जुने वाकडे दाते नवी चेन लवकर खातात आणि वाचवलेले पैसे दुप्पट जातात.

पुण्यात नाना पेठ हे दुचाकीच्या सुट्या भागांचं जुनं मार्केट आहे. तिथे किंवा जवळच्या दुकानात जाताना गाडीचं मॉडेल, वर्ष, चेनचा नंबर, कड्यांची संख्या आणि दोन्ही स्प्रॉकेटच्या दात्यांची संख्या लिहून न्यावी. मोबाईलवर फोटो काढला तरी चालेल. चेनवर कंपनीचं नाव आणि नंबर स्पष्ट कोरलेला आहे का, हे बघावं आणि बिल घ्यावं.

मातीत चालवणारे अनेक जण चढासाठी पुढचं स्प्रॉकेट एका दात्याने लहान घेतात. १४ ऐवजी १३ दाते घेतले तर गाडी चढाला सुमारे ८ टक्के जास्त जोर देते, पण त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं. रोज महामार्गावर जाणाऱ्याला ते परवडत नाही.

चेन बदलायची कशी? पायरीनुसार

लागणारं सामान : रिंग पाने आणि सॉकेट, पक्कड, हातोडी, टॉर्क रेंच, चेन ब्रेकर, नवी स्प्लिट पिन, चिंध्या, डोळ्यांना गॉगल आणि मदतीला एक माणूस.

१. गाडी थंड होऊ द्या. पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर आणि चेन कव्हर काढा. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा, बसवताना उपयोगी पडतो.

२. आधी पुढचं स्प्रॉकेट सैल करा. जुनी चेन जागेवर असतानाच हे करायचं असतं. मदतनीसाने मागचा ब्रेक दाबून धरायचा, म्हणजे स्प्रॉकेट फिरत नाही. चेन काढल्यावर हा नट सोडवणं फार कठीण जातं. काही गाड्यांत एक मोठा नट आणि त्याखाली वाकवलेला वॉशर असतो, काहींत दोन छोटे बोल्ट आणि पत्री असते.

३. मागच्या अ‍ॅक्सलचा नट सोडवा. ड्रम ब्रेक असेल तर टॉर्क रॉडचा नट आणि ब्रेक रॉडही सैल करा. अ‍ॅडजस्टर सैल करून चाक पुढे ढकला.

४. चेन लॉक शोधा. क्लिप असेल तर पक्कडीने सरकवून काढा. रिव्हेट असेल तर पिनेचं डोकं घासून चेन ब्रेकरने पिन बाहेर ढकला. इथे गॉगल हवाच.

५. मागचं चाक काढून स्प्रॉकेट बदला. नट आलटून पालटून समोरासमोरचे कसा. हबमधले कपलिंग रबर भुगा झाले असतील तर तेही आत्ताच बदला.

६. पुढचं नवं स्प्रॉकेट हाताने बसवा आणि चाक परत लावा.

७. जुनी आणि नवी चेन जमिनीवर शेजारी ठेवून कड्या मोजा. नवी चेन जास्त लांब असेल तर तेवढ्याच कड्या ठेवून तोडा. तोडण्याआधी दोनदा मोजा.

८. चेन चढवा. दोन्ही टोकं मागच्या स्प्रॉकेटच्या दात्यांवर आणली की ती जागेवर धरून राहतात. ओ-रिंग चेन असेल तर लॉकच्या पिनांना सोबत आलेलं ग्रीस आणि चारही रिंगा लावायला विसरू नका.

९. क्लिपची दिशा तपासा. क्लिपची बंद, गोल बाजू चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला हवी. वरच्या बाजूची चेन पुढे जाते, म्हणून क्लिप वर असताना बंद बाजू गाडीच्या तोंडाकडे. उलटी बसली तर काहीतरी लागून ती निघू शकते. लॉक रिव्हेटचं असेल आणि रिव्हेट मारायचं हत्यार नसेल, तर एवढं काम मेकॅनिककडून करून घ्या. हातोडीने ठोकलेलं रिव्हेट भरवशाचं नसतं.

१०. ढिलाई ठेवा आणि दोन्ही बाजूंच्या अ‍ॅडजस्टरच्या खुणा सारख्या करा. मागून डोळा लावून चेन सरळ रेषेत दिसते का, हे पाहा. मग अ‍ॅक्सल नट पुस्तिकेतल्या टॉर्कला कसा, नवी स्प्लिट पिन घाला आणि ब्रेक दाबून पुढच्या स्प्रॉकेटचा नट कसा. वाकवायचा वॉशर असेल तर तो वाकवा.

११. ब्रेक तपासल्याशिवाय गाडी हलवू नका. चाक मागे-पुढे झालं की मागच्या ड्रम ब्रेकचा प्ले बदलतो. टॉर्क रॉडचा नट कसलाय का, ब्रेक पेडल आणि ब्रेक लाईट नीट चालतात का, हे बघा.

१२. चेन कव्हर आणि साडी गार्ड परत लावा. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं चाक किमान अर्धं झाकणारं संरक्षण केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ नुसार बंधनकारक आहे. ओढणी आणि साडीमुळे होणारे अपघात यामुळेच टळतात.

गल्लीतच सावकाश एक फेरी मारून सगळे नट पुन्हा बघा. नवी चेन सुरुवातीला थोडी सैल होते, म्हणून पहिल्या ३०० ते ५०० किलोमीटरमध्ये ढिलाई पुन्हा तपासा.

चिखलात गाडी घातल्यावर

ओला चिखल सुकायच्या आत साध्या पाण्याच्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा थेट चेनवर आणि बेअरिंगवर मारू नका, त्याने पाणी सीलच्या आत जातं. धुतल्यावर चेन पुसा, कोरडी करा आणि लगेच ऑइल द्या. नुसती धुऊन ठेवली तर एका रात्रीत तांबूस गंज दिसतो. मातीत जायच्या आधी मात्र भरपूर ऑइल ओतू नका. त्यावर बारीक वाळू चिकटते आणि कानशीसारखी घासत राहते.

उरलेलं काळं ऑइल कुठे टाकायचं?

गटारात नक्कीच नाही. या शहरातून पवना वाहते, बाजूने इंद्रायणी. आळंदीजवळ इंद्रायणीवर तरंगणारा फेस सगळ्यांनी पाहिलेला आहे. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. रॉकेल आणि काढलेलं ऑइल बाटलीत साठवून गॅरेजमध्ये द्या, तिथून ते गोळा करणाऱ्यांकडे जातं. तेलकट चिंध्याही उघड्यावर ढीग करून ठेवू नका, त्या पेट घेऊ शकतात.

घरी करायचं की मेकॅनिककडे?

साफसफाई, ऑइल आणि ढिलाई तपासणं ही कामं प्रत्येकाने घरी करावीत. त्याला अर्धा तास आणि थोडे पैसे लागतात. चेन बदलण्यासाठी मात्र टॉर्क रेंच, चेन ब्रेकर आणि मदतीला माणूस हवा. यातलं एखादं नसेल तर सामान स्वतः आणून मेकॅनिककडून बसवून घ्यावं आणि शेजारी उभं राहून क्लिपची दिशा, खुणा आणि स्प्लिट पिन तेवढी बघावी.

आज संध्याकाळी गाडी लावताना मागच्या स्प्रॉकेटवरची चेन एकदा ओढून बघा. अर्धा दाता दिसला तर येत्या सुट्टीचं काम ठरलं.